पुट्टीखालची रेघ

जानेवारीतला रविवार, सोसायटीचं पार्किंग, खाली अंथरलेली जुनी वर्तमानपत्रं. गाडी विकायला काढली होती आणि अलॉय व्हील्सच्या कडा फुटपाथला घासून उंदरांनी कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. बाहेर चार चाकं रंगवायचा भाव ऐकला आणि माझ्यातला इंजिनिअर जागा झाला.

काम अवघड नाही, चिकाटीचं आहे. ब्रेकची काळी धूळ आणि ग्रीस आधी धुऊन काढायचं, नाहीतर प्राइमर धरत नाही. मग जाड पॉलिश पेपरने सुरुवात करून बारीक पेपरवर यायचं. टायर आणि रिमच्या फटीत पत्ते खोचायचे, एकाला एक लागून, म्हणजे टायरवर रंग उडत नाही. आमच्या घरचा पत्त्यांचा कॅट त्या दिवशी कामी आला. प्राइमर, रंग, वर क्लिअर कोट. सगळे हात पातळ आणि दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटांची विश्रांती. घाई केली की ओघळ येतो. नट बसतात ती जागा आणि हबला टेकणारी मागची बाजू मात्र झाकून ठेवायची. तिथे रंगाचा थर बसला तर तो दाबाखाली दबतो आणि आवळलेले नट सैल पडू शकतात.

दोन चाकं झाली. तिसऱ्याची आतली बाजू मी सहज घासली. खरं तर तिकडे कोणी बघत नाही. चंदेरी रंग निघाला, पण खाली ॲल्युमिनियम चमकायला हवं होतं तिथे राखाडी पुट्टी निघाली. पुट्टीखाली केसाएवढी काळी रेघ.

साबणाचं पाणी ओतलं. रेघेवर बारीक बुडबुडे आले. हेच ते चाक, ज्याची हवा दर दोन आठवड्यांनी उतरायची आणि पंक्चरवाले काका दर वेळी म्हणायचे, "खिळा काही सापडत नाही बघा."

स्टीलचं चाक खड्ड्यात आपटलं की बहुतेकदा वाकतं. ओतीव ॲल्युमिनियम तडकतं. आणि तडा एका जागी थांबत नाही. प्रत्येक फेऱ्याला त्याच्यावर ताण येतो आणि जातो, आणि तो तसूतसूने पुढे सरकतो. गाडी मी तीन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली होती. म्हणजे आई-बाबांना मागे बसवून एक्स्प्रेस-वेवर मी या रेघेवरून शंभरने गेलो होतो. ज्या माणसाने गाडी विकताना मला चहा पाजला होता, पहिला राग त्याचा आला. दुसरा विचार, खोटं कशाला बोलू, असा आला की पुट्टीचा डबा शेजारीच आहे.

सिसेरोने इ.स.पू. ४४ मध्ये मुलाला उद्देशून कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात घर विकणारा एक माणूस आहे. घरातले दोष फक्त त्याला माहीत आहेत. त्याने सांगावं का, यावर दोन स्टोइक भांडतात. अँटिपेटर म्हणतो, न सांगणं हे वाट चुकलेल्याला रस्ता न दाखवण्यापेक्षाही वाईट, कारण इथे तुम्हीच त्याला चुकीच्या वाटेला लावताय. बॅबिलोनचा डायोजिनीस म्हणतो, घ्यायची जबरदस्ती केली का कोणी? न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे. सिसेरो स्वतः सांगण्याच्या बाजूने आहे.

डायोजिनीस मला परका वाटत नाही. रिलीजच्या आदल्या रात्री आमच्या टीममध्ये तो दोन-तीन जणांच्या तोंडून बोलतो. आपला १८७२ चा करार कायदाही त्याला थोडी जागा देतो: कलम १७ नुसार नुसतं गप्प बसणं ही सहसा फसवणूक नाही. पण माहीत असलेली गोष्ट कृतीने झाकणं ही फसवणूक आहे. हातात स्प्रेचा डबा धरून हे आठवणं फार गैरसोयीचं असतं.

मग आधीच्या दोन चाकांचं काय? तिथेही मी ओरखडे झाकलेच होते. पण पाहुणे येणार म्हणून घर आवरलं तर पाहुण्यांना ठाऊक असतं की एरवी ते असं नसतं. विकाऊ गाडी चमकवलेली असते, हे घेणाऱ्याला माहीत असतं. त्याने माझ्यासमोर नखाने तो रंग खरवडला असता तर मी हसून "हो, घासलं होतं" म्हणालो असतो. तिसऱ्या चाकाशी त्याचं नख गेलं असतं तर माझ्या पोटात गोळा आला असता. ही कसोटी पकडलं जाण्याच्या भीतीची आहे, हे मला कळतं. तरी त्या दुपारी माझ्याजवळ तेवढीच होती.

आधीच्या मालकाचं कोडं मात्र सुटलं नाही. त्याला माहीत होतं का? की गॅरेजवाल्याने परस्पर पुट्टी भरून "काम झालं साहेब" म्हणून चावी दिली होती? की त्यानेही ही गाडी अशीच घेतली होती? कोडमध्ये कुठली ओळ कोणी लिहिली ते गिट सांगतं. पुट्टीवर नाव नसतं. तीन वर्षं जपलेला राग असता तर ठीक होतं, हा तर तासाभरापूर्वीचा होता आणि तरी त्याला माणूस सापडेना.

बुधवारी गाडी बघायला एक मुलगा आला, माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी लहान. बायको बरोबर होती आणि तिच्या कडेवर झोपलेलं बाळ. तीन चमकणारे अलॉय आणि स्टेपनीचं काळं स्टीलचं चाक, अशी माझी गाडी लंगडी दिसत होती. मी तड्याचं सगळं सांगितलं, पैसेही कमी केले. त्याने बाकीच्या चाकांवरून बोट फिरवलं.

"घरीच केलंय? भारी झालंय, दादा."

मग बायको जरा बाजूला गेली, तसा हळूच म्हणाला, "तो चौथा अलॉयपण द्या ना. थोडी पुट्टी मारली की होऊन जाईल. सेट पूर्ण दिसेल."

"ते चाक भंगारात गेलं," मी म्हणालो.

ते तेव्हा आमच्या बाल्कनीत होतं.