अण्णांचा कागद

अवधूतांनी चोवीस गुरू केले, त्यांत एक कुरर पक्षी आहे. चोचीत मांसाचा तुकडा होता तोवर बलवान पक्षी त्याच्यावर तुटून पडत होते. तुकडा टाकला आणि तो सुखी झाला. भागवताच्या एकादश स्कंधातली ही कथा. आपल्या शेजारच्या पैठणच्या नाथमहाराजांनी ती मराठीत उलगडून सांगितली. ती मी कितीदा ऐकली होती. अण्णा गेल्यावर तिचा अर्थ लावायची वेळ माझ्यावर आली.

अंबड तालुक्यात आमची सहा एकर जमीन. सगळी अण्णांनी स्वतः घेतलेली. विहीर आणि मोसंबीची बागही त्यांच्याच हातची. आजारपणात एकदा ते म्हणाले होते, "मी लिहून ठेवलंय समदं, काळजी करू नका." कुठे, काय, कोणासमोर, हे विचारायचं राहून गेलं.

दिवसकार्य झाल्यावर धाकटा म्हणाला, "विहिरीकडचा तुकडा मला देतो म्हणाले होते अण्णा." ताई म्हणाली, "मलाबी एक एकर देतो म्हणले होते." मला ते म्हणाले होते, "तू थोरला, सगळं तूच बघ." आमच्यापैकी कोणी खोटं बोलत नव्हतं. बाप प्रत्येक लेकराशी त्याच्यापुरतं बोलतो.

एका दुपारी घरात कोणी नाही असं बघून मी अण्णांची पेटी उघडली. खताच्या पावत्या, पीककर्जाचे कागद, जुने सातबारे, तळाशी गुरुचरित्राची पोथी. पोथीही झटकून पाहिली. तेवढ्यात आई दारात आली. "काय शोधायलास रे एकटाच?"

तो 'एकटाच' मला रात्रभर टोचला. कागद सापडला असता आणि त्यात बाग ताईच्या नावावर असती, तर सकाळी मी तो सगळ्यांना दाखवला असता का? दत्तमहाराजांसमोर खोटं कशाला बोलू? 'हो' हे उत्तर लगेच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बसवून पेटी पुन्हा उघडली. मृत्यूचा दाखला घेऊन दुय्यम निबंधक कार्यालयात शोध घेतला. नोंद निघाली नाही. पण तेवढ्याने शंका फिटत नाही, कारण मृत्युपत्राची नोंदणी कायद्याने सक्तीची नाही. साधा कागद, करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या एवढं पुरतं. म्हणून अण्णांच्या उठण्याबसण्यातल्या माणसांनाही विचारलं. कोणी साक्षीला बसलं नव्हतं.

मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत पत्नी, मुलगे आणि मुली यांचा सारखा वाटा असतो. म्हणजे आमच्यात आई धरून चार वाटे. गावातले जाणते म्हणाले, "ताईचं हक्कसोडपत्र करून घ्या, सगळे तसंच करतेत." ताई सही करायला तयारही झाली. म्हणाली, "माझं माहेर तुटायला नको, एवढंच." ते ऐकून मान खाली गेली. बहिणीला माहेर टिकवायला जमीन सोडावी लागत असेल, तर ते माहेर आम्हीच आधी मोडलेलं असतं.

तेव्हा कुरर पक्षी आठवला. शेतकऱ्याने जमीन टाकून रानात जावं, असं अवधूत सांगत नसावेत. मग माझ्या चोचीत होतं काय? 'अण्णांच्या मनातलं मलाच ठाऊक' हा दावा. धाकट्याकडे त्याचा तुकडा होता, माझ्याकडे माझा. तो टाकल्याशिवाय सुटका नव्हती.

वारसनोंदीला चौघांची नावं लावली. विहीर सामायिक ठेवली. आणि पुढे कधी कागद निघालाच, तर ज्याला सापडेल त्याने तो सगळ्यांसमोरच उघडायचा, असं ठरवलं. धाकटा अजून थोडा नाराज आहे. अण्णांची इच्छा आम्ही पाळली की मोडली, हे मला कदाचित कधीच कळणार नाही. त्याची रुखरुख राहणार. पण माहीत नसलेली इच्छा स्वतःच्या सोयीने माहीत करून घेणं, हा त्याहून मोठा अपराध झाला असता.

वाचकहो, एक विनंती. मृत्युपत्र केलं असेल तर ते कुठे आहे, हे घरात दोघांना तरी सांगून ठेवा. बंद लिफाफ्यात जिल्हा निबंधकांकडेही ते ठेवता येतं. लेकरांची परीक्षा दत्तमहाराज घेतीलच. आपण कशाला घ्यायची?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥