अंग चोरू नये

वाचन : अनुवाद २२:१-४, नीतिसूत्रे १२:१०

आपल्या पवित्र शास्त्राच्या ६६ पुस्तकांत पाळीव मांजर कोठेही आढळत नाही. कुत्रा आहे, गाढव आहे, उंट आहे; मांजर नाही. यहेज्केल ३०:१७ मध्ये मिसर देशातील पी-बेसेथ नगराचे नाव येते. मांजराचे मुख असलेल्या बास्तेत देवीचे हे नगर; परंतु तेथेही भविष्यवाद्याने मांजराचा उल्लेख केलेला नाही. मांजर दिसते ते ‘यिर्मयाचे पत्र’ या अपॉक्रिफातील लिखाणात, एका वचनात, आणि तेही मूर्तींच्या अंगावर वटवाघळे व पाकोळ्या यांच्यासमवेत बसणारा प्राणी म्हणून. अशा नोंदी करून ठेवण्याची भाषांतरकाराला खोडच असते. तेव्हा मांजराविषयी प्रवचन कशाच्या आधारे करावे, असे कोणी विचारल्यास तो प्रश्न रास्तच म्हटला पाहिजे.

प्रिय वाचकहो, आधार आहे तो बैल, मेंढरू आणि गाढव यांच्याविषयीच्या नियमात. भावाचे जनावर भटकताना दिसले तर ते त्याच्याकडे पोहोचते करावे. भाऊ दूर राहत असेल अथवा ठाऊक नसेल, तर तो शोधीत येईपर्यंत ते आपल्या घरी सांभाळावे, अशी अनुवादाच्या २२ व्या अध्यायातील आज्ञा आहे. तिच्यात जे इब्री क्रियापद योजले आहे त्याचा शब्दशः अर्थ ‘स्वतःला लपविणे’ असा होतो. मराठीत त्यासाठी ‘अंग चोरणे’ हा चपखल वाक्प्रचार आहे. येथे जनावराला कोणी मारलेले नाही, कोणी छळलेले नाही. पाहून न पाहिल्यासारखे करणे, एवढ्यालाच नियमशास्त्र मनाई करते.

गेल्या वर्षी मध्य प्रदेशातील एका मराठी मंडळीपुढे हा प्रश्न अगदी साध्या रूपात आला. मिशन रुग्णालयातून निवृत्त झालेल्या ८१ वर्षांच्या एक भगिनी आहेत. मंडळीत सर्व जण त्यांना सिस्टरबाई म्हणतात. पती निवर्तले त्याच वर्षी दारात आलेली मांजरी त्यांनी १३ वर्षे सांभाळली. आता एकटे राहणे झेपेना, म्हणून बंगळुरूच्या मुलीने त्यांना आपल्याकडे बोलाविले. नातवाला दमा, मांजराच्या सान्निध्याने तो बळावतो. मुलीचा यात काडीचाही दोष नव्हता. सिस्टरबाईंनी दोनदा तिकीट रद्द केले. मनीचे काय करायचे ते ठरत नव्हते.

मांजरासाठी तिकीट रद्द करतात, म्हणून काही जण हसले. हसणाऱ्यांनी २ शमुवेलाचा १२ वा अध्याय पुन्हा वाचावा. नाथानाच्या कथेतील गरिबाची मेंढी त्याच्या घासातला घास खात होती आणि त्याला मुलीसारखी होती. ते ऐकून दाविदाने ‘अहो, मेंढीच ती’ असे म्हटले नाही.

दोन कुटुंबे पाहून गेली. पिल्लू असते तर नेले असते, असे त्यांनी प्रांजळपणे सांगितले. भिडेपोटी नेऊन पुढे दाराबाहेर काढण्यापेक्षा ते बरे. एका वडिलांनी मात्र सुचविले की, तिला मासळीबाजारात सोडावे, तेथे पोट भरेल. पोत्यात घालून मांजर बाजारात सोडण्याची ही रीत आपल्याकडे जुनी आहे, आणि तिला दयेचे नाव दिले जाते. नीतिसूत्रे १२:१० च्या उत्तरार्धात दुर्जनाच्या दयेला क्रूर म्हटले आहे ते याच कारणाने. १३ वर्षे बशीतून खाल्लेल्या, दात पडलेल्या मांजरीने तरुण बोक्यांशी भांडून मासा मिळवायचा काय? शिवाय, उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे हा १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसारही अपराध आहे. त्याच वचनाच्या पूर्वार्धात, नीतिमान आपल्या पशूचा जीव ‘जाणतो’ असे मूळ शब्द आहेत. ‘काळजी घेतो’ असे भाषांतर चुकीचे नव्हे, पण फिके आहे. काळजी कोणत्याही मांजराची घेता येते. जाणावे लागते ते या एका मांजराला.

सिस्टरबाईंचे जाणणे कागदावर उतरले होते. वय, खाण्याच्या वेळा, कोणते दात उरले, पशुवैद्यांनी सांगितलेला मूत्रपिंडाचा विकार व त्यासाठीचा आहार, पाणी किती पिते, उंच उडी मारता येत नाही म्हणून पलंगाशी ठेवायचा पाट, सर्व काही. आजार लपविला असता तर घर लवकर मिळाले असते. परंतु खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे, आणि तो तराजू केवळ वाण्याच्याच हाती असतो असे नाही.

शेवटी एक निवृत्त शिक्षक पुढे आले. वय ७६, विधुर. सिस्टरबाई म्हणाल्या, “गुरुजी, ती आता फार वर्षे काढायची नाही.”

“मीही नाही, सिस्टरबाई,” गुरुजी म्हणाले. “पिल्लू आणले तर माझ्यामागे त्याला कोण पाहील? हिचा आणि माझा हिशेब जुळतो.”

औषधाचा खर्च महिला मंडळाने उचलला. गुरुजींकडे मनीबरोबर तिची गोधडी गेली, न धुता. कारण मांजर घर ओळखते ते वासावरून. पहिले काही दिवस तिला एकाच खोलीत ठेवले, वाळूचे घमेले जवळ ठेवले, आणि कित्येक आठवडे बाहेरचे दार बंद राहिले. नाही तर मांजर जुन्या घराच्या वाटेला लागते. ती कपाटाखाली शिरली. तिला ओढून काढायचे नाही, असे कागदावर लिहिलेलेच होते. दोन दिवसांत काही खाल्ले नाही तर पशुवैद्यांना बोलवावे, असेही होते, कारण उपाशी राहिलेल्या मांजराचे यकृत बिघडू शकते. दुसऱ्या रात्री बशी रिकामी झाली. कपाटाबाहेर यायला आणखी नऊ दिवस लागले.

आता दर रविवारी उपासनेनंतर बंगळुरूहून फोन येतो. सिस्टरबाई आधी गुरुजींचा रक्तदाब विचारतात आणि मग मनी आठवड्यात रोज किती वाट्या पाणी प्यायली ते. गुरुजी वहीत पाहून सांगतात.