हरभऱ्याची आंब

मंगळवेढ्याची ज्वारी नावाजलेली आहे ती तिथल्या खोल काळ्या रानामुळे. उत्तरा आणि हस्ताचा पाऊस चांगला झाला की हे रान पाणी पोटात धरतं. मग पुढे चार महिने वरून थेंब पडला नाही तरी मालदांडीचं ताट माणसाच्या डोक्यावर जातं. विहीर नको, पाट नको. खाली ओल आणि वर थंडी, एवढ्यावर इथल्या कितीतरी पिढ्यांनी भाकरी खाल्ली. २०१६ साली या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. ही गोष्ट सुरू होते त्याच्या आदल्या वर्षी, मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडच्या एका गावात.

गावात दोन चुलतघरं होती. एका घरात आक्का, दुसऱ्या घरात त्यांचे धाकटे दीर, आबा. वाटण्या कधीच झालेल्या, पण रानं बांधाला बांध लागून. १९७२ चा दुष्काळ दोघांनीही पाहिलेला. आक्का तेव्हा नव्यानं नांदायला आलेल्या होत्या. दुष्काळी कामावर त्यांनी खडी फोडली, सुकडी खाल्ली. आबा तेव्हा पोरसवदा, आईबरोबर पाटी उचलायला जायचे.

आबांचा पारावर शब्द चाले. हिवाळ्याचा विषय निघाला की ते रंगून बोलत. पूर्वी खोबरेलाची बाटली चुलीपाशी ठेवल्याशिवाय तेल निघत नसे. पहाटे मोट धरायला गेलं की हाताची बोटं वळत नसत. हुरड्याला बसलं तरी शेकोटीपासून कुणी उठत नसे. वासरांच्या अंगावर पोती बांधावी लागत. आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य यायचं, "आता ती थंडी ऱ्हायली न्हाय गड्यांनो." ऐकणारे माना डोलवत. पारावर बसलेल्या प्रत्येकालाच ते पटलेलं असे.

आक्का पारावर जात नसत. त्यांचं हिवाळ्याशी नातं वेगळं होतं. त्या दरसाल हरभऱ्याची आंब काढत.

ही आंब आता फार घरांत राहिलेली नाही, म्हणून थोडं थांबून सांगतो. थंडी पडली की हरभऱ्याच्या पानांवर खार सुटतो. पानावर बोट फिरवून जिभेला लावलं तर झोंबतं. दिवस बुडाल्यावर स्वच्छ धुतलेलं पांढरं फडकं हरभऱ्याच्या शेंड्यांवर अंथरायचं. रात्रभर दव पडतं, पानांवरचा खार त्यात उतरतो आणि फडकं चिंब होतं. उन्हं यायच्या आत ते उचलून चिनी मातीच्या वाडग्यात पिळायचं. पितळेचं भांडं चालत नाही, या आंबट पाण्यानं ते कळकतं. गाळून बाटलीत भरलेली आंब वर्षानुवर्षं टिकते. पोटदुखीला, अजीर्णाला चमचाभर पुरते.

आक्कांना हे त्यांच्या सासूनं शिकवलं होतं, आणि सासूचा दंडक होता: संक्रांतीआधीच्या पाच रात्री, ओढ्याकाठचा तोच हरभरा, तेवढंच फडकं. कशासाठी, ते सासूनं सांगितलं नव्हतं. पण दंडक पाळल्यामुळे एक गोष्ट आपसूक घडली. माजघराच्या देवळीत सारख्या मापाच्या काचेच्या बाटल्या ओळीनं उभ्या राहिल्या, आणि कुठल्या हिवाळ्यात किती दव पडलं ते बाटलीतल्या पाण्यावरून दिसू लागलं. आक्कांना लिहिता येत नव्हतं. नात शाळेत जायला लागल्यावर तिनं बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवून साल घातलं. जुन्या बाटल्या गळ्यापर्यंत भरलेल्या. मग पोटापर्यंत. मधेच दोन वर्षं पुन्हा गळ्यापर्यंत आलेल्या, कारण हवामान काही जिना उतरल्यासारखं पायरी-पायरीनं बदलत नाही. अलीकडच्या बाटल्यांत मात्र बोट-दोन बोटं आंब.

२०१४ नं या भागाला दोन्हीकडून मारलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली, काढणीला आलेली ज्वारी आडवी पडली, दाणा काळा झाला. त्याच वर्षीचा पावसाळाही उणा गेला. २०१५ मध्ये एल निनो होता, आजवर नोंदलेल्यांतल्या मोठ्यांपैकी एक. त्याचं नाव गावात कुणी घेतलं नाही, पण जून, जुलै, ऑगस्ट कोरडे गेलेले सगळ्यांनी पाहिले. सप्टेंबरात दोन-तीन सरी आल्या. वरचं रान ओलं दिसू लागलं आणि गावात तिफणी बाहेर निघाल्या.

आबांनी सगळं रान पेरायचं ठरवलं. खतासाठी पैसे हवे होते, म्हणून मागल्या सालचा कडबा व्यापाऱ्याला दिला. भावही चढा मिळाला.

पेरणीच्या आदल्या दिवशी आक्का पहार घेऊन स्वतःच्या रानात उभ्या होत्या. माळाकडच्या पट्टीत पहार मारली, ती वीतभर आत गेली आणि टणकन थांबली. खाली कोरडं ढेकूळ. ओढ्याकाठच्या खोलगट पट्टीत तीच पहार हातभर, दीड हात आत गेली. बाहेर काढली तेव्हा टोकाला चिकण माती होती. आक्कांनी ती चिमटीत दाबून पाहिली, गोळी होत होती. त्या बांध ओलांडून आबांच्या रानात गेल्या, तिथेही चार ठिकाणी पहार मारली. वीतभर. फार तर दोन विती.

"भावजी, खाली ओल न्हाय. एवढं समदं पेरू नका."

"वैनी, शाळू दवावर येतो. आपल्या आज्यापणज्यानं काय पहार मारून पेरलं व्हतं का?"

"तवा दव पडत व्हतं. माझ्या देवळीतल्या बाटल्या बघा येऊन."

"बाटलीत बघून कुणी शेती करतं व्हय?" आबा हसले, पण वाईट हसले नाहीत. वहिनीचा मान ते राखत. "थंडी पडंल वैनी. पौषात पडतीच."

आक्का थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "थंडी ऱ्हायली न्हाय, हे पारावर तुमीच सांगता नव्हं?"

मला ही गोष्ट सांगावीशी वाटते ती या प्रश्नासाठी. आबा खोटं बोलत नव्हते. थंडी गेली हे गावात त्यांनीच सगळ्यांआधी म्हटलं होतं. पण पारावर बोललेलं खरं पेरणीच्या दिवशी रानात न्यायचं त्यांना सुचलं नाही. हरवलेल्या थंडीबद्दल ते हळहळत, आणि तिफण जुंपायची वेळ आली की त्याच थंडीवर भरवसा ठेवत. आपल्यापैकी कितीजण असेच वागतात! वाडवडिलांची आठवण काढायची, पण त्या आठवणीशी आजचं ताडून पाहायचं नाही.

'शाळू दवावर येतो' हे बोलणंही अर्धंच खरं आहे. दवाचं पाणी मुळाशी फारसं पोचत नाही. त्यानं होतं एवढंच की सकाळी पान ओलं राहतं, आणि ते सुकेपर्यंत ताट जमिनीतलं पाणी कमी ओढतं. थंड रात्रींनी दाणा सावकाश, टपोरा भरतो. म्हणजे दव आणि थंडी खालची ओल पुरवून वापरायला मदत करतात, ओल निर्माण करत नाहीत. आज्यापणज्यांच्या काळात खाली हातभर ओल असे, म्हणून वरचं दव दिसे आणि त्यालाच श्रेय मिळे. शिवाय दव पडायला रात्र थंड, वारा पडलेला आणि आभाळ मोकळं लागतं. मोकळ्या आभाळाखाली जमीन दिवसभराची ऊब सोडून देते, पान हवेहून गार होतं आणि हवेतली वाफ त्यावर पाणी होऊन बसते. आभाळ भरून आलं की ऊब खालीच कोंडते आणि पान कोरडं राहतं.

आक्कांनी ओढ्याकाठची पट्टी तेवढी पेरली. माळाकडचं रान कुळवून तसंच ठेवलं आणि त्याचं बियाणं कणगीत राखलं. घरात यावरून बरीच कुरबुर झाली. मुलाला चारचौघांत जाणं नकोसं झालं. शेजारी-पाजारी रान हिरवं होत असताना आपलं काळं दिसतं, हे शेतकऱ्याला सहन होत नाही. दिवाळीत कडब्याचा व्यापारी आक्कांच्याही दारात आला. भाव आबांना मिळाला त्याहून जास्त होता. मुलगा म्हणाला, "देऊन टाकू, आई." आक्का म्हणाल्या, "बहात्तरला खायाला न्हवतं, पण आडाला पाणी व्हतं. औंदा आडबी कोरडा हाय. जनावरं कशावर जगवायची?" गंजी जागची हलली नाही.

पेरलेल्या पट्टीत त्यांनी हंगामात तीनदा कोळपं फिरवलं. 'एक कोळपणी, अर्धं पाणी' असं जुने लोक म्हणतात, ते खरंच आहे. काळी जमीन सुकली की भेगाळते आणि त्या भेगांतून खालची ओल उडून जाते. शेवटची पाळी दातेरी कोळप्याची. त्यानं भेगा मातीनं बुजतात.

डिसेंबर आला. टीव्हीवर चेन्नई पाण्यात बुडालेली दिसत होती आणि इथे लोक दुपारी बनियनवर फिरत होते. तो हिवाळा देशभरात उबदार गेला. गावात काही रात्री आभाळ आलं, काही रात्री मोकळं राहिलं, पण हवेतच ओलावा नव्हता. आक्कांनी नेमानं पाच रात्री फडकं अंथरलं. दोन सकाळी ते पिळण्याइतकंही ओलं झालं नाही. त्या सालच्या बाटलीचा तळ जेमतेम झाकला.

आबांची ज्वारी उगवून छान आली होती. गुडघ्याएवढी झाली, पोटऱ्यात आली आणि तिथून पुढे वाढ मंदावली. संक्रांतीनंतर खडखड्या पडला. फुलोऱ्यानंतर ओल तुटली आणि जमीन तापली की हा रोग ज्वारीला गाठतो. ताट बुंध्याशी पोकळ होतं, हात लावला तर मोडतं. आबांनी एक ताट उभं चिरलं, आत गर नव्हता, काळपट तंतू होते. कणसात दाणे बाजरीएवढे. कडबाही असा की जनावर तोंड लावून बाजूला होई. आक्कांच्या ओढ्याकाठच्या पट्टीतही नेहमीचं पीक आलं नाही. पण वर्षाची भाकरी निघाली.

त्या उन्हाळ्यात गावात बोअर पाडणाऱ्या गाड्या रात्रंदिवस घुमल्या आणि बहुतेक ठिकाणी धूळच वर आली. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाणी नेणारी रेल्वे सांगोला-पंढरपूर मार्गानं गेली. ती बातमी पारावर सगळ्यांनी ऐकली आणि बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

आबांनी बैलजोडी सांगोल्याच्या बाजारात न्यायची तयारी केली होती. दावी सोडून बैल रस्त्यावर काढले, तेव्हा आक्का आडव्या आल्या.

"कुठं चालला भावजी?"

"चारा न्हाय वैनी. डोळ्यादेखत मरू द्यायची का?"

"गंजी उघडी हाय. पोरास्नी धाडा, पेंड्या न्या."

"पैसं..."

"पैसं मागितलं का मी?" मग थोडं थांबून म्हणाल्या, "एकच करा. पुढल्या साली पेरायच्या आधी पहार घेऊन या. दोघं मिळून बघू."

मंगळवेढ्यात दामाजीपंतांचं नाव रोज घेतलं जातं. दुष्काळात बिदरच्या बादशहाची धान्याची कोठारं त्यांनी भुकेल्यांसाठी उघडली, म्हणून आपण हात जोडतो, आणि जोडायलाच हवेत. पण उघडायला आधी कोठारात काहीतरी असावं लागतं. ते कुणीतरी चांगला भाव नाकारून, घरच्यांचे टोमणे सोसून शिल्लक ठेवलेलं असतं. आक्कांच्या दानाइतकंच मला त्यांचं दिवाळीतलं 'नाही' मोठं वाटतं.

२०१६ च्या सप्टेंबरात पाऊस बरा झाला. आबा पहार घेऊन आले. माळाकडच्या पट्टीतही पहार हातभर उतरली आणि दोन्ही घरांनी सगळं रान पेरलं. त्यानंतरही कधी साल चांगलं गेलं, कधी वाईट, पण त्या दोन घरांत ओल पाहिल्याशिवाय तिफण जुंपली जात नाही. पारावर आबा अजूनही थंडीबद्दल बोलतात. फरक इतकाच की आता बोलून झालं की ते विचारतात, "मग औंदा काय करायचं?"

पावसाची मोजणी महसूल मंडळात होते. आपल्या रानात ओल किती खाली गेली, संक्रांतीआधी किती रात्री दव पडलं, हरभऱ्यावर खार कधी सुटला, हे मोजायला बाहेरून कुणी येत नाही. तुमच्या घरात जुनं माणूस असेल तर त्याला पूर्वीची थंडी कशी होती एवढंच विचारून थांबू नका. यंदा काय वेगळं दिसलं तेही विचारा, तारीख घालून वहीत लिहा, आणि पुढच्या पेरणीचा निर्णय घ्यायला बसाल तेव्हा ती वही समोर ठेवा.