कोणासाठी नाही, ते सांगा

सॉफ्टवेअर प्रकल्पाची वेबसाइट उघडली की मी आधी तिच्यात 'नाही' हा शब्द शोधतो. अमुक कामासाठी हे वापरू नका, तमुक अजून जमत नाही, इतक्यापेक्षा जास्त भार झेपणार नाही, असं काहीतरी. बहुतेक ठिकाणी तो सापडत नाही. सापडतं ते ठरलेलं: गडद पार्श्वभूमी, 'अतिवेगवान', 'सोपं', 'आधुनिक' आणि खाली मोठमोठ्या कंपन्यांच्या लोगोंची रांग. (त्या कंपनीतल्या एखाद्या इंटर्नने ऑफिसच्या ईमेलवरून खातं उघडलं, एवढ्यावरही लोगो लागू शकतो.) यातलं काहीच खोटं ठरवता येत नाही. 'वेगवान', पण कशापेक्षा? कोणत्या मशीनवर? जे कधी खोटं पडूच शकत नाही, त्याला खरं तरी कसं म्हणायचं?

हा निव्वळ भाषेचा कीस वाटेल. पण आमची टीम पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. पिग्मी एजंट दुकानोदुकानी फिरून पैसे गोळा करतो, फोनवर आकडा टाकतो, 'जमा झाले' असं दिसतं आणि तो पुढच्या दुकानात जातो. त्या 'जमा झाले'च्या मागे कुठला डेटाबेस असावा, हे आमच्यातलं कोणीतरी एका दुपारी चार वेबसाइट चाळून ठरवतं. रोज पन्नास रुपये देणारी भाजीवाली ती वेबसाइट कधीच वाचणार नाही. तिच्या वतीने आम्ही वाचतो. म्हणून तिथे काय लिहिलंय याहून काय लिहायचं टाळलंय, हे मला महत्त्वाचं वाटतं.

चांगलं उदाहरण आधी घेऊ. एसक्यूलाइट हा डेटाबेस डी. रिचर्ड हिप यांनी २००० साली आणला. आज तो जवळपास प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आहे, तुम्ही हे वाचताय त्यातही बहुधा असेल. त्याची साइट दिसायला अगदीच साधी, एखाद्या जुन्या कॉलेजच्या नोटिस बोर्डासारखी. पण एसक्यूलाइट कुठे वापरावा हे सांगणारं जे पान आहे, त्यातच कुठे वापरू नये हेही आहे. एकाच वेळी अनेकांना लिहायचं असेल, किंवा डेटा एका मशीनवर आणि प्रोग्रॅम दुसऱ्यावर असेल, तर सर्व्हरवाला डेटाबेस घ्या, असं ते सरळ सांगतात. म्हणजे गिऱ्हाईक उंबऱ्यावर असताना दुकानदार समोरच्या दुकानाकडे बोट दाखवतो.

याहून मला आवडतं ते त्यांच्या विचित्र सवयींचं पान. प्रायमरी कीमध्ये रिकामी किंमत चालता कामा नये, हे आपण दुसऱ्या वर्षाला शिकतो. एसक्यूलाइटमध्ये काही वेळा ती चालते. कारण तेही तिथेच दिलंय: सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये चूक झाली, ती लक्षात येईपर्यंत तिच्यावर विसंबलेले प्रोग्रॅम बाहेर पडले होते, म्हणून ती तशीच ठेवली. फुशारकी तेही मारतात, नाही असं नाही. मूळ कोडच्या सुमारे ५९० पट टेस्टचा कोड आहे, असं ते सांगतात. पण तो आकडा कसा धरला, कोणत्या प्रकारच्या टेस्ट आहेत, याचं लांबलचक वर्णन सोबत आहे. तपासायचं तर तपासा. अशा फुशारकीबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

आता दुसरी बाजू. काइल किंग्सबरी यांचा जेप्सन हा प्रकल्प डेटाबेसच्या दाव्यांची परीक्षा घेतो: मुद्दाम नेटवर्क तोडायचं आणि डेटा टिकतो का ते पाहायचं. मॉन्गोडीबीने आपल्या साइटवर जेप्सनचा हवाला देऊन सुरक्षिततेचे मोठे दावे केले होते. २०२० च्या अहवालात जेप्सननेच त्यावर बोट ठेवलं. आधीच्या तपासणीत मूळ सेटिंगवर 'लिहून झालं' असं कळवलेल्या नोंदीही हरवू शकतात, असं दिसलं होतं. साइटवर मात्र पास झालेले निकाल होते, हे नव्हतं. पुढे २०२१ मध्ये, ५.० आवृत्तीत, लिखाणाची मूळ सेटिंग जास्त सुरक्षित केली गेली, हेही सांगायला हवं. पण मधल्या काळात ते पान वाचून कोणी पिग्मीचं ॲप बांधलं असतं तर?

पास झालेले निकाल खरेच होते. अश्वत्थामा मेला, हेही खरंच होतं. 'हत्ती' हा शब्द तेवढा धर्मराजाने हळू उच्चारला आणि जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. ही गोष्ट रचणाऱ्याला तळटीप म्हणजे काय ते पक्कं ठाऊक होतं. समोरच्याच्या मनात काय उभं राहणार हे माहीत असून बोललात, तर जे उभं राहिलं त्याची जबाबदारीही तुमचीच.

मग ओपनबीएसडीचं काय करायचं, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. मूळ इन्स्टॉलेशनमध्ये इतकी वर्षं बाहेरून घुसता येईल असं एकही भोक नाही, ही त्यांची घोषणा. २००२ मध्ये एक सापडलं, तेव्हा घोषणा काढून न टाकता त्यांनी 'एक भोक' अशी बदलली. २००७ मध्ये दुसरं सापडलं, 'दोन' केलं. स्वतःच्या दारावरच्या पाटीवर स्वतःचा पराभव कोरणारे लोक मला मनापासून आवडतात. पण 'मूळ इन्स्टॉलेशन' या शब्दांत बरंच काही लपतं, कारण त्यात फारशा सेवा चालूच नसतात. यालाही हळू उच्चारलेला हत्ती म्हणायचं का? मी म्हणणार नाही. ती अट घोषणेच्या आतच आहे, त्याच टायपात, आणि सेवा बंद ठेवणं हाच तर त्यांचा विचार आहे. तरी अट न समजणारा वाचक फसू शकतो, हे मान्य.

एक मित्र म्हणतो, यशस्वी लोकांना प्रामाणिकपणा परवडतो. दोघातिघांच्या नव्या प्रकल्पाने उणिवा मांडल्या तर ढुंकूनही कोणी बघणार नाही. त्यात तथ्य आहे, म्हणून त्यांच्या 'अतिवेगवान'कडे मी दुर्लक्ष करतो. पण 'सध्या मी एकटाच हे सांभाळतो' हे वाक्य लिहायला यश लागत नाही, आणि माझ्यासारख्याला ते शंभर लोगोंपेक्षा जास्त उपयोगी पडतं. उलट, हल्ली 'मर्यादा' हा रकानाही सजावटीला ठेवतात. इंटरव्ह्यूमध्ये 'तुमचा दोष कोणता?' विचारल्यावर 'मी जरा जास्तच मेहनत करतो' म्हणतात, त्यातला प्रकार. सांगितलेल्या मर्यादेमुळे एक तरी खरा गिऱ्हाईक परत जाईल का, एवढंच मी बघतो.

आमच्या ॲपच्या वेबसाइटचं काम सध्या चालू आहे. रेंज नसलेल्या गावात 'जमा झाले' म्हणजे फक्त फोनवर जमा झाले, संस्थेत संध्याकाळपर्यंत पोचतील, आणि मध्ये फोन हरवला तर नोंदही गेली, असं एक वाक्य मी लिहून दिलंय. विक्री बघणाऱ्या सहकाऱ्याचं म्हणणं, हे वाचून कोण घेईल? मी ते पहिल्या पानावर मागतोय. तो 'नेहमी विचारले जाणारे प्रश्न' मध्ये टाकायला तयार झालाय, सतराव्या क्रमांकावर.