शिंपटी आणि माया

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' मराठी घराघरांत वाचली गेली. बालपणी ज्या प्रसंगाने डोळे पाणावतात, तोच प्रौढपणी मनाला प्रश्न विचारतो. श्याम पोहायला भितो, माळ्यावर लपून बसतो. आई त्याला शिंपटीने मारून विहिरीवर धाडते. जगाने आपल्या मुलाला भित्रा म्हणू नये, ही तिची तळमळ. नंतर ती त्याला मायेने समजावतेही. पण एका भीतीवर दुसऱ्या भीतीचा उतारा देणे न्याय्य आहे काय?

'त्या मारानेच श्याम घडला,' हे उत्तर तयार असते. परंतु मोळी उचलू न शकणाऱ्या, अस्पृश्य मानलेल्या म्हातारीच्या मदतीला त्याच आईने श्यामला पाठवले, तेव्हा तिच्या हाती शिंपटी नव्हती. १९४७ साली विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी आपल्या सोलापूर जिल्ह्यातील पंढरपुरात उपोषण केले, ते लोकरोष पत्करून. लोकनिंदेला न भिण्याचे हे धैर्य मला करुणेच्या संस्काराचे फळ वाटते, अंगावरच्या वळांचे नव्हे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतील छडीला बंदी घातली. घरातील छडीचा निर्णय मात्र, पालकहो, आपल्या विवेकाने घ्यायचा आहे. आईबापांचा मान राखण्याची आज्ञा त्यांची प्रत्येक कृती निर्दोष ठरवीत नाही. श्यामच्या आईपुढे नतमस्तक व्हावे, तिची माया घ्यावी. शिंपटी मात्र पुस्तकातच राहू द्यावी.