कपोत गुरू आणि घरातले जाळे

अवधूतांचे चोवीस गुरू दत्तभक्तांना परिचित आहेत. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला त्यांची ओळख करून देतात. त्यांतला कपोत, म्हणजे कबूतर, 'अति आसक्ती नको' एवढ्यापुरताच आपल्या लक्षात राहतो. गेल्या दत्तजयंतीपासून मला मात्र तो वेगळ्याच कारणाने आठवतो.

गुरुचरित्राचा सप्ताह चालू होता. मुलगा-सून सकाळीच नोकरीवर जात. नातू पाच वर्षांचा, शाळा दुपारची. वाचनात व्यत्यय नको म्हणून मीच त्याच्या हाती मोबाइल दिला, कार्टून लावले आणि निर्धास्तपणे पोथी उघडली. तिसऱ्या रात्री पोर दचकून रडत उठले. एक चित्रफीत संपली की दुसरी आपोआप सुरू होते. तसे होता होता काहीतरी भयंकर त्याच्यासमोर आले होते. "मग मला हाक का नाही मारलीस रे?" तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही पोथी वाचत होतात ना. मध्ये बोलायचं नसतं."

माझे पारायण अखंड झाले खरे, पण कोणाच्या जिवावर?

कपोत-कपोती पिलांसाठी चारा आणायला गेली, तेवढ्यात पारध्याने जाळे टाकले. आधी पिले सापडली, मग त्यांच्या मायेने आईबाप. आमच्या घरी उलटेच. जेवताना मुलगा फोनमध्ये, सून फोनमध्ये, मी सुप्रभातचे निरोप पुढे ढकलण्यात! आधी थोरले अडकतात, पिले त्यांच्यामागून येतात.

फोन हिसकावून भागत नाही. शाळेचा अभ्यासही त्यावरच येतो, आणि रागावलेल्या घरात मूल लपवायला शिकते. खरे रक्षण म्हणजे पोराला न भिता सांगता येणे.

म्हणून आम्ही काही गोष्टी ठरवल्या. मोबाइल बघायचा तो बैठकीत, मोठ्यांच्या शेजारी बसून. जेवताना कोणाच्याच हाती फोन नाही. नातवाचे गणवेशातले फोटो स्टेटसवर टाकायचे नाहीत. खेळता खेळता कोणी अनोळखी बोलू लागला आणि 'आईला सांगू नको' म्हणाला, तर आधी आईलाच सांगायचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे, की वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा नकोच आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला फार तर एक तास. संकटातल्या मुलांसाठी १०९८ हा मोफत क्रमांक आहे, तोही भिंतीवर लिहून ठेवला आहे.

यंदा पोथीशेजारी नातवाचा पाट मांडणार आहे. त्याला सांगून ठेवलंय, "वाचन चालू असलं तरी हाक मार." नियमाला बाध येईल, असे कोणी म्हणेलही. पण ज्यांची पोथी वाचतो, ते दत्तप्रभू अनसूयामातेच्या मांडीवर बाळ होऊनच वाढले. बाळाच्या हाकेला उठलो, तर ते रागावतील असे मला वाटत नाही.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥