अळीचा वाटा

मृगाची पेरणी आटोपून माळकरी वारीला निघतो. त्या पेरणीतलीच एक गोष्ट वाचकांपुढे ठेवावीशी वाटते. 2002 साली आपल्या देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. मातीतल्याच एका जिवाणूचा गुण बियाण्यात घातलेला. झाड खाल्ले की बोंडअळी मरावी. पहिली काही वर्षे बोंडअळीवरचे फवारे घटले, हे नाकारणे खोटेपणाचे होईल. बियाणे मात्र संकरित, म्हणजे दरसाल विकतचेच.

पण खरी मेख पुढेच आहे. 450 ग्रॅम बीटी सरकीसोबत 120 ग्रॅम साध्या सरकीची पुडी मिळे. ती शेताच्या कडेने लावायची, अळीने सुखाने खावी म्हणून! तिथले पतंग विषाला न जुमानणाऱ्या पतंगांशी जुळले, की त्यांची पिल्ले बहुधा पुन्हा विषाला बळी पडतात. पण शत्रूला वाटा कोण सोडणार? पुष्कळांनी पुडी फेकून दिली. वर फरदडीच्या आशेने कपाशी उन्हाळ्यापर्यंत उभी ठेवली, म्हणजे अळीला बारमाही पंगतच. 2017 साली विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी अळीने बीटीचीच बोंडे पोखरली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली.

दोन एकरवाल्या कर्जदाराला चार ओळी सोडणे जड जाते. त्याला आम्ही लोभी म्हणणार नाही. पण शेजाऱ्याच्या शेतावर संकट लोटून आपले बोंड वाचवणे, ही कसली भूतदया? मुंगीला साखर घालणारे आम्ही. कीर्तनात त्या पुडीचा विषय आम्हीही कधी काढला नाही.